हकिमाची शंका

अकबराने १६०१ साली असीरगड घेतला आणि फारुकी सुलतानांचे खानदेश मोगलांचा एक सुभा झाले. हा सुभा शाहजादा दानियाल याच्याकडे आला. बुऱ्हाणपुरास त्याचा मुक्काम असे, आणि त्याच्या नावावरून या मुलखाला काही काळ ‘दानदेश’ही म्हणत. या दानियालसाठी विजापूरच्या आदिलशाहाची मुलगी मागितली होती. तिला आणण्याच्या कामगिरीवर असदबेग नावाचा एक अंमलदार गेला होता. मनुष्य मोठा चौकस. विजापुरात त्याला एक पदार्थ दिसला; असा पदार्थ त्याने हिंदुस्थानात पूर्वी कधी पाहिला नव्हता. फिरंग्यांनी समुद्रापलीकडून आणलेली ती तंबाखू होती. असदबेगाने ती बादशहासाठी नजराणा म्हणून नेली आणि ओढण्यासाठी एक देखणी नळीही करवून घेतली.

पुढला प्रसंग त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. बादशहाने कौतुकाने दोन झुरके घेतले, तोच हकीम आडवा आला. हे औषध आपल्या कोणत्याही ग्रंथात नाही, त्याचे गुणदोष आपल्यापैकी कोणासही ठाऊक नाहीत, तेव्हा परीक्षा केल्यावाचून ते घेणे बरे नव्हे, असे त्याचे म्हणणे. असदबेगाने वाद घातला. फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, त्यांच्यातही शहाणे आहेत, आणि जगातली प्रत्येक चाल केव्हातरी नवीच असते, असा त्याचा रोख होता. बादशहाला हा युक्तिवाद आवडला, तरी त्याने स्वतः ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली, व्यापाऱ्यांनी माल बाजारात आणला, आणि थोड्याच वर्षांत तंबाखू सर्वत्र पसरली. १६१७ साली जहांगीराने बंदीचे फर्मान काढले, ते कागदावरच राहिले.

मी इतिहासाची कागदपत्रे वाचणारा मनुष्य आहे. वैद्यकात माझी गती नाही. तरीही या प्रसंगातील हकिमाचा एक शब्द मला कित्येक वर्षे सतावीत आला आहे. तो शब्द म्हणजे ‘परीक्षा’. हकिमाने मागितलेली परीक्षा अखेर झाली, पण ती होण्यास सुमारे साडेतीनशे वर्षे लागली, आणि तिचा मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात, आपल्याच लोकांच्या देहावर झाला. ही हकीकत आमच्या खानदेशातल्या वाचकास ठाऊक असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

खानदेशात तंबाखूला आपण कधी व्यसन म्हटलेच नाही. कमरेची चंची, तीत पाने, चुन्याची डबी, अडकित्ता, आणि पाहुणा ओट्यावर टेकताच त्याच्यापुढे सरकवलेली तंबाखू, हा आपल्या आतिथ्याचा भाग होता. कापूस वेचताना, जिनात राबताना, केळीला रात्रीचे पाणी देताना, गडी गालात बार भरून ठेवी. भूक मरते, झोप उडते, हात चालतो. बायका मशेरीने दात घाशीत. जे सर्वच करतात त्याची परीक्षा कोण करणार? रोग दिसे तेव्हा तो कर्माचा भोग ठरे.

परीक्षेला खरा प्रारंभ झाला तो मुंबईस परळला. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढल्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तांनी बांधलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. तेथे विकृतिविज्ञानाचे काम डॉ. वसंत रामजी खानोलकर पाहू लागले. परदेशी ग्रंथांत तोंडाचा कर्करोग हा तुलनेने थोड्यांना होणारा रोग म्हणून आलेला असे. खानोलकरांपुढे मात्र असे रोगी रांगेने येत होते. त्यांनी ओळीने आलेले एक हजार रोगी घेतले, त्यांची नोंद केली आणि १९४४ साली तो आढावा अमेरिकेतील एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्रावणकोरात डॉ. ऑर यांनी १९३३ साली पान-तंबाखू खाणाऱ्यांकडे बोट दाखविले होतेच. खानोलकरांच्या हजार नोंदींनी त्या संशयाला वजन आणले.

१९४५ साली त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह ‘धोतराच्या कर्करोगा’चे वर्णन केले. धोतराची गाठ कमरेवर वर्षानुवर्षे करकचून आवळली की तेथील कातडीचा रंग जातो, ती खरखरीत होते, जखम होते आणि क्वचित त्या जखमेचा कर्करोग बनतो. माणूस कसा जगतो, काय नेसतो, काय चघळतो, हे पाहिल्यावाचून त्याचा रोग कळत नाही, ही खानोलकरांची दृष्टी होती. पुढे १९५५ साली संघवी, राव व खानोलकर यांनी कर्करोगाचे रोगी आणि तो रोग नसलेले लोक यांच्या सवयी शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. केवळ रोगी मोजून भागत नाही, निरोगीही मोजावे लागतात. तरच दोष कोणाच्या पदरात घालावयाचा ते ठरते.

आम्हा धुळेकरांना ही पद्धत परकी वाटू नये. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यासच ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. त्यांचे दप्तर सांभाळणारे संशोधन मंडळ आजही गावात उभे आहे. आधी साधने गोळा करा, मग सिद्धान्त बोला, हा त्यांचा खाक्या. गावोगावचे रुमाल सोडून, एकेक चिठोरे वाचून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली. कर्करोगाच्या संशोधनात या साधनांची जागा रोग्यांच्या नोंदवहीने घेतली. डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली मुंबईत लोकसंख्येच्या आधारावरील कर्करोग-नोंदणी सुरू झाली; भारतातील ती पहिली. बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागाची पहिली नोंदणी आली. शहरातली वही आणि खेड्यातली वही ताडून पाहता येऊ लागली.

त्याहून मोठे काम पुणे जिल्ह्यातील खेड्यांत झाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी, त्यांत डेन्मार्कचे डॉ. पिंडबोर्ग हेही होते, यांनी १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि १९७२ साली निष्कर्ष छापले. एक लाखावर माणसांना ‘आ करा’ म्हणून सांगावयाचे, विजेरीच्या उजेडात गालाची आतली बाजू, जीभ, हिरड्या पाहावयाच्या, पांढरा चट्टा असेल तो टिपावयाचा, आणि तंबाखू कोणती, किती, तोंडात कोठे ठेवता, हे विचारून घ्यावयाचे! यातून आणि अशाच इतर पाहण्यांतून एक गोष्ट पक्की झाली. तोंडाचा कर्करोग बहुधा एकाएकी येत नाही. आधी पांढरा चट्टा येतो, लाल चट्टा येतो, किंवा तोंड उघडेनासे होते, आणि हा काळ कित्येकदा वर्षांचा असतो. रोग दारात उभा राहून वाट पाहतो. त्याला ओळखणारा मात्र हवा.

येथवर हकिमाच्या शंकेचे अर्धे उत्तर मिळाले होते. तंबाखू निर्दोष नाही हे ठरले. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक पदार्थांत बसविले. उरलेला अर्धा प्रश्न उपचाराचा होता. रोग झालाच तर काय करावे? येथेही परीक्षेवाचून चाललेल्या चाली पुष्कळ होत्या, आणि त्या वैद्यांच्याच होत्या.

त्यांपैकी एक चाल मानेसंबंधी आहे. गालाचा किंवा जिभेचा कर्करोग पसरतो तो प्रथम मानेतल्या ग्रंथींत. पायाला जखम झाली की जांघेत गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. तशाच ग्रंथी मानेतही असतात. अमेरिकेतील डॉ. क्राइल यांनी १९०६ साली या ग्रंथी समूळ काढण्याची शस्त्रक्रिया वर्णन केली. मानेत गाठ लागत असेल तर ती काढावी, यात वाद नव्हता. पण रोग लहान आहे, मान चाचपून हाताला काहीच लागत नाही, अशा रोग्याचे काय? तोंडातल्या रोगाबरोबरच मानही साफ करावी, की नुसते लक्ष ठेवावे आणि गाठ आली तरच कापावे? पहिल्या मार्गात अनेकांची मान विनाकारण कापली जाते, खांदा दुबळा होतो. दुसऱ्यात लपलेला रोग वाढू देण्याचे भय. पुढली शंभर वर्षे प्रत्येक शल्यविशारद आपल्या गुरूने शिकविले तसे करीत राहिला.

हा प्रश्न सुटला तो परळला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात अशा ५९६ रोग्यांना त्यांच्या संमतीने परीक्षेत घेतले. कोणाची मान आधीच साफ करावयाची आणि कोणावर लक्ष ठेवावयाचे, हे डॉक्टरांनी ठरविले नाही. चिठ्ठी टाकावी तसे ते ठरले. डॉक्टराने निवड केली की त्याच्या मनातला कल नकळत आकड्यांत उतरतो, म्हणून ही रीत. पहिल्या ५०० रोग्यांचा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. मान आधीच साफ केलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी साडेसदुसष्ट टक्के. पहिल्या गटात रोग ८१ जणांना परतला आणि ५० जण दगावले. दुसऱ्यात १४६ जणांना परतला आणि ७९ जण दगावले. दर आठ शस्त्रक्रियांमागे एक जीव वाचत होता. जगातील शल्यविशारदांच्या मतभेदाला मुंबईच्या रुग्णालयाने, जर्दा आणि गुटखा खाणाऱ्या आपल्या रोग्यांच्या आधाराने, उत्तर दिले.

या आकड्यांचा खानदेशाशी काय संबंध, ते मला रावेर तालुक्यातल्या एका केळीवाल्या शेतकऱ्यामुळे समजले. त्याचे मुलगे माझे विद्यार्थी. डाव्या गालात फोड आला म्हणून त्याने तंबाखू उजव्या गालात धरावयास सुरुवात केली होती, एवढाच त्याचा उपचार! पुढे तपासणी झाली आणि शस्त्रक्रियेचे ठरले, तेव्हा तो मला म्हणाला, “गुरुजी, रोग गालात. मानेत काही लागत नाही म्हणता, मग मान कशाला कापायची?” प्रश्न अगदी नेमका होता, थोर शल्यविशारदांनी शंभर वर्षे जो घोळविला तोच. मी त्याला वर सांगितलेला हिशेब, जमेल तसा, सांगितला. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, “अन् लक्ष ठेवायचे म्हटले तर किती वेळा यावे लागेल?”

येथे गोम आहे. ‘लक्ष ठेवणे’ हा शब्द परळच्या आसपास राहणाऱ्याला सोपा आहे. जळगावाहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. धुळेकराला आग्रा रोडने सबंध रात्र घालवावी लागते, किंवा चाळीसगावला जाऊन गाडी धरावी लागते. एका खेपेला दोन माणसे, चार दिवसांची मजुरी, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर फुटपाथ. केळीच्या कापणीत किंवा कापसाच्या वेचणीत खेप चुकते. एक चुकली की दुसरीला संकोच वाटतो, आणि मग रोगी येतो तो गाठ लिंबाएवढी झाल्यावर. या परीक्षेत तर रोग्यांवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले होते, तरीही वाट पाहणारा गट मागे पडला. मग ज्याला येणेच जमणार नाही त्याची काय कथा? त्या शेतकऱ्याने मान साफ करवून घेतली. आता त्याचा डावा खांदा केळीचा घड पेलीत नाही, पण बागेच्या बांधावर तो उभा राहतो आणि मुलांच्या कामात चुका काढतो.

ज्यांचा रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला आहे त्यांच्यासाठीही अलीकडे परळला असाच विचार झाला. २०२० साली डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी ४२२ रोग्यांवरील परीक्षा प्रसिद्ध केली. एका गटाला शिरेतून देण्याचे नेहमीचे औषध, दुसऱ्याला तोंडाने घ्यावयाच्या दोन जुन्या, स्वस्त गोळ्या. शिरेतल्या औषधावर रोगी मध्यमानाने ६.१ महिने जगले, गोळ्यांवर ७.५ महिने. फरक थोडका आहे. पण गोळी चोपड्यात किंवा साक्रीत घरी बसून घेता येते, आणि उरलेले दिवस माणूस आपल्या माणसांत काढतो. २०२३ साली याच मंडळींनी आणखी एक प्रयोग छापला. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला मोकळे करणारे निव्होलुमॅब हे औषध पाश्चात्त्य देशांत ज्या मात्रेत देतात, ती मात्रा आपल्याकडे फारच थोड्यांना परवडते. यांनी तिच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून अवघे २० मिलिग्रॅम औषध गोळ्यांच्या जोडीला दिले. १५१ रोग्यांत परीक्षा झाली. वर्षाअखेर जिवंत राहणाऱ्यांचे प्रमाण केवळ गोळ्यांवर १६.३ टक्के होते, ते ४३.४ टक्क्यांवर गेले. श्रीमंत देशातल्या संशोधकाला मात्रा इतकी कमी करून पाहण्याची निकड भासत नाही. गरज ज्याची, प्रश्नही त्यालाच सुचतो.

परंतु परीक्षा फुकट होत नाही, आणि तिची किंमत कोणी दिली हे इतिहास लिहिणाऱ्याने लपवू नये. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग-संस्था यांच्यासह १९९९ पासून मोठी परीक्षा केली. खेड्यांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, प्रश्न गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. २००९ साली निष्कर्ष आला. विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी झाली तरी मृत्यू निम्म्यावर येतात. तपासणी झालेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, केवळ तुलनेसाठी धरलेल्या सुमारे ३१ हजार स्त्रियांत ६४. या दुसऱ्या गटाला तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे देशात आणि परदेशात विचारला गेला. संशोधकांचे उत्तर असे की, त्या भागात तपासणीची सोय अशीही नव्हतीच. उत्तर खरे आहे. पण त्याने माझे समाधान होत नाही. जिथे काहीच नाही तिथे ‘काहीच न देणे’ हा नेहमीचा व्यवहार ठरतो, आणि असा व्यवहार चालू देण्याचा दोष संशोधकाहून आपणा सर्वांकडे अधिक येतो. त्या चौसष्ट जणींची नावे कोठे छापलेली नाहीत. पण त्यांच्या मृत्यूने जे ज्ञान जगाला मिळाले ते त्यांच्या लेकीसुनांना मिळाले काय, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

उत्तर उत्साहवर्धक नाही. तोंडाची तपासणी करणे जगातले सर्वांत स्वस्त काम. केरळात झालेल्या परीक्षेने २००५ साली दाखविले की, तंबाखू-दारू घेणाऱ्यांची तोंडे नियमाने पाहिली तर या रोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. सरकारनेही २०१६ साली तिशीवरील लोकांच्या तोंडाच्या, आणि स्त्रियांच्या स्तन व गर्भाशयमुखाच्या तपासणीची नियमावली घालून दिली. आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसले? तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीही झालेल्या दर शंभरांत दोनसुद्धा नाहीत. तोंडाची झालेल्या एकही पुरती नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तिचे काय झाले ते कोणत्याही बसस्थानकाच्या कोपऱ्यातल्या पिचकाऱ्या सांगतात. जहांगीराच्या फर्मानाची आठवण व्हावी, अशीच ही अवस्था.

सोयी वाढल्या आहेत, हे नाकारता येणार नाही. धुळ्यास आणि जळगावास शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. कन्नडचा किंवा अजिंठ्याचा घाट चढून गेले की संभाजीनगरास २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. परळच हा एकमेव मार्ग आता उरलेला नाही. उणीव आहे ती रोग दारात उभा असतानाच्या त्या दोन-चार वर्षांत. त्या वेळी रोग्याला डॉक्टर भेटत नाही. भेटतो तो शाळामास्तर, न्हावी, आशाताई, गावातला दाताचा डॉक्टर, किंवा घरची माणसे. गालातला पांढरा चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा फोड, उभी धरलेली आपली तीन बोटे आत न जाऊ देणारे तोंड, एवढी तीन लक्षणे ओळखण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. मी स्वतः गेली काही वर्षे शाळेच्या पालकसभेत मुलांच्या प्रगतीबरोबर हेही विचारीत आलो. पालक प्रथम हसतात, मग सभा संपल्यावर एखादा मागे रेंगाळतो आणि हळूच म्हणतो, “गुरुजी, जरा पाहता का?”

हकिमाला ज्या परीक्षेची वाट होती ती खानोलकरांच्या हजार रोग्यांनी, पुणे जिल्ह्यातल्या लाखभर ग्रामस्थांनी, परळच्या पाचशे माना देणाऱ्यांनी आणि धाराशिवच्या त्या स्त्रियांनी पुरी करून दिली आहे. त्यांच्यापैकी बहुतेक आपल्यासारखेच होते, शेतावर राबणारे आणि खेप चुकेल म्हणून धास्तावणारे. आता परीक्षा झालीच नाही, असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही.